गुलाबाच्या वासाचं लोशन

त्याने गळ्याभोवतीचा रुमाल सोडला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बापरे!"

केस संपतात तिथपासून कॉलरपर्यंत त्याची मान लालबुंद झाली होती. कुठे खरखरीत, कुठे नखांचे ओरखडे, एका ठिकाणी तर वाळलेलं रक्त. तिच्या हातातला कंगवा हवेतच राहिला. बाकावर नंबर लावून बसलेले पोस्टमास्तर आरशातून ते पाहून चटकन दाराकडे सरकले.

"लागण होत नाही," तो आरशातल्या तिला म्हणाला. "एक्झिमा आहे, लहानपणापासून. नको असेल तर उठतो मी. सवय आहे."

त्या "सवय आहे"ने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांमागे हे सलून ती एकटी चालवत होती, पण आलेलं माणूस असं उठून जायला निघालं नव्हतं कधी.

"बसा हो! मी बापरे म्हटलं ते... केसांना. मागच्या वेळी कोणी कापले?"

"मीच."

"दिसतंय!"

तो हसला. खळी पडली एका गालावर. तिने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं... आणि पुन्हा पाहिलं.

समोरच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला तो आला होता. केस कापून झाल्यावर तिने घरी बनवलेलं गुलाबाच्या वासाचं लोशन हलक्या बोटांनी त्याच्या मानेला लावलं. सगळ्यांना नव्हती लावत ती. त्याचे खांदे किंचित आखडले. गार लागलं असेल, असं तिला वाटलं.

"बरं वाटतंय?"

"छान," तो डोळे मिटून म्हणाला.

मग तो दर शनिवारी येऊ लागला.

"आठवड्यात एवढे वाढतात होय केस?"

"माझे वाढतात. हट्टी आहेत."

"आणि लिफ्ट? तीन महिने झाले की."

"ती केव्हाच चालू झाली. आता मी नुसता बघायला येतो..."

"काय बघायला?"

"इकडचं दार उघडतंय का."

तिचे कान तापले. कात्री नसत्या जागी चालली आणि त्याच्या डाव्या कानावरच्या केसांत भलतीच पायरी पडली. तरी तो म्हणाला, "मस्त!"

मान मात्र दर शनिवारी आदल्या शनिवारपेक्षा वाईट दिसायची. ती हळहळायची आणि लोशनमध्ये गुलाबाच्या अर्काचे दोन थेंब वाढवायची.

एके दिवशी मावशी केस कापून घ्यायला आली. मावशी इस्पितळाच्या त्वचा विभागात नर्स. कात्री चालवता चालवता तिने मावशीजवळ त्याची गोष्ट काढली. सहज म्हणून.

"त्याच्या मानेला तू काय लावतेस?" मावशीने मध्येच विचारलं.

"लोशन. गुलाबाचं. घरचं आहे गं, शुद्ध."

"घरचं असो नाहीतर दुकानातलं! वासाची वस्तू अशा कातडीवर? आगीत तेल ओतते आहेस तू, बाई!"

तिने कात्री खाली ठेवली. तीन महिने... दर शनिवारी... आपल्याच बोटांनी?

शनिवारी तो आला. खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं, "लोशनने तुम्हाला त्रास होतो?"

त्याने रुमालाची गाठ आणखी घट्ट केली.

"कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या वेळेपासून."

ती उसळली. "माहीत असून? रक्त येईपर्यंत खाजवायचं आणि मला म्हणायचं, छान! वेड लागलंय का तुम्हाला?"

"खोटं नव्हतं ते." त्याचा आवाज अगदी खाली आला. "चरचरायचं... आणि छानही वाटायचं. डॉक्टर सोडले तर या मानेला आपणहून कोणी हात लावला नव्हता आजवर. लोशन नको म्हटलं असतं, तर तुम्ही ब्रशने केस झटकून 'पुढचा नंबर' म्हटलं असतं."

तिला रडू फुटलं. रागाचं की कशाचं, तिचं तिलाच कळेना. तिने बाटली बेसिनमध्ये पालथी केली. "सोमवारी, अकरा वाजता. मावशीच्या इस्पितळात. आला नाहीत तर या दुकानाची पायरी चढायची नाही!"

तो आला. पावणेअकरालाच.

डॉक्टरीणबाईंनी मान तपासली आणि सांगितलं, "तुमच्या कातडीची भिंत कच्ची आहे. आतला ओलावा टिकत नाही, बाहेरचं काहीही आत टोचतं. खाज सुटते, तुम्ही खाजवता, भिंत आणखी ढासळते. वासाचं काहीही बंद. आंघोळ कोमट पाण्याने, आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं घट्ट क्रीम, रोज. हे दुसरं मलम मी सांगेन तेवढेच दिवस. नखं कापा. हे येत-जात राहील, पण आटोक्यात राहू शकतं." मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "या कोण?"

"या... माझे केस कापतात," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डाव्या कानाकडे निरखून पाहिलं आणि काही न बोलता चिठ्ठी लिहिली.

दीड महिन्यात मान निवळली. थोडा लालसरपणा राहिला, पण रात्रीची झोप परतली, चेहरा उजळला. त्या शनिवारी तो खुर्चीत बसला तेव्हा दुकान रिकामं होतं.

"आता मलम बंद," तो म्हणाला. "नुसतं क्रीम, दोन वेळा. पण मागे हात नीट पोचत नाही हो."

"आणा इकडे." तिने क्रीम घेतलं. तिची बोटं मानेवर फिरू लागली, आणि या वेळी त्याचे खांदे आखडले नाहीत. अगदी सैल सुटले. तो आरशातल्या तिला म्हणाला, "डॉक्टर म्हणाल्या ते ऐकलंत ना? हे आयुष्यभराचं आहे. म्हणून मी कोणाला... म्हणजे, विचारायचं धाडसच..."

"सकाळचं इथे लावत जाईन मी," ती मध्येच म्हणाली. बोटं चालूच होती. "संध्याकाळचं घरी लावावं लागेल."

"कुणाच्या घरी?"

"तुमच्या. नाहीतर माझ्या. ते तुम्ही ठरवा... पण लवकर."

आरशात त्याचं तोंड उघडंच राहिलं. एवढ्यात पोस्टमास्तर दारात आले. "माझा नंबर कधी?"

"आज नाही, काका!" ती म्हणाली, आणि तिचा हात त्याच्या मानेवरच राहिला.