गाणारा कोणता?

"माझी बहीण माझ्याकडे आलेली नाही, आणि तिचा नवरा म्हणतो ती माझ्याकडेच गेलीय." खुर्चीवर टेकायच्या आतच भाऊ बोलला.

वहिनी हरवलेली माणसं शोधायच्या. त्यांचे दीर, सगळ्यांचे भाऊजी, गाडी चालवायचे आणि चुकीचे तर्क लढवायचे. भावाने सांगितलं ते एवढंच, की बहिणीला परगावी नोकरी लागली होती आणि नवऱ्याला ते खपत नव्हतं. तिचे दोन फिंच पक्षी होते, दोन्ही पांढरेशुभ्र. एकाची चोच लालभडक, दुसऱ्याची फिकट नारिंगी. त्यांना सोडून ती एक रात्रही राहत नसे.

भावाला घेऊन दोघं तिच्या घरी गेले. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि मागेच घर. खिडक्या बंद, पडदे ओढलेले.

चष्मेवाल्याने शांतपणे सांगितलं की ती भांडून गेली आणि एक पक्षी सोबत घेऊन गेली. तेवढ्यात घरात किलबिलत गाणं सुरू झालं.

"हा मागे राहिला. दिवसभर गातो," तो कोपऱ्यातल्या झाकलेल्या पिंजऱ्याकडे पाहून म्हणाला.

वहिनींनी फडकं उचललं. आतला पक्षी नारिंगी चोचीने दाणे टिपत होता. याचा गळा काय गोड आहे, असं भाऊजी कौतुकाने म्हणाले. वहिनी स्वयंपाकघरात बहिणीच्या सासूकडे गेल्या. दुसरा पक्षी कुठे, असं विचारल्यावर सासूने पदराशी चाळा केला. तो मेला, मीच कुंडीत पुरला, असं ती म्हणाली.

बाहेर येऊन वहिनी निवांत बसल्या.

"तुम्ही म्हणता तो पक्षी तिच्याबरोबर गेला, आई म्हणतात मेला. दोघंही खोटं बोलताय, कारण तो इथेच आहे. पांढऱ्या फिंचमध्ये नर-मादी पिसांवरून कळत नाहीत, चोचीवरून कळतात. लाल चोच नराची, नारिंगी मादीची. मादी चिवचिवते, पण गात नाही. पिंजऱ्यात मादी आहे. मग गातंय कोण?"

चष्मेवाल्याचा चेहरा उतरला. लोकांची नजर तपासणाऱ्या माणसाला घरातल्या दोन चोची कधी दिसल्या नव्हत्या.

गाणं भिंतीपलीकडून येत होतं. भावाने त्या भिंतीला टेकलेलं चष्म्याच्या फ्रेमांचं कपाट एका धक्क्यात बाजूला सारलं. मागे दार होतं, बाहेरून कडी घातलेलं.

बहीण जमिनीवर बसली होती, मांडीवर लाल चोचीचा नर. भाऊ धावत आत गेला.

"ओरडलीस तर बाहेरच्या पक्ष्याची मान पिरगाळीन, असं म्हणाला होता," ती म्हणाली. "सोबतीला एक ठेव म्हणाला. मी हा निवडला. त्याला वाटलं, दोन्ही सारखेच."

भाऊजींनी तिला हात देऊन उठवलं. उंबरठ्यावर ती क्षणभर थांबली.

"रोज सांगायचे याला, दादा. मला ओरडता येत नाही, तू गा रे बाबा."