पालथा ग्लास

शुक्रवारी आमच्या बारमध्ये मासे तळतात. त्याचा वास कोटाला लागला की सोमवारपर्यंत हटत नाही. मिलवॉकीच्या दक्षिण भागातला हा कोपऱ्यावरचा जुना बार. मी, बर्नडीन, इथे बीअर भरता भरता म्हातारी झाले. रेडिएटरजवळचं स्टूल नॉर्बर्टचं. निवृत्त, एकटा माणूस. घर गार पडलेलं, म्हणून जेवण झालं की इथे यायचा आणि एक ग्लास दुपारभर पुरवायचा. कुणाचं काय जात होतं?

क्रेगचं जात होतं म्हणे. मालक वारले आणि बार या पुतण्याच्या हाती आला. हाफ चड्डीत असल्यापासून पाहिलाय मी त्याला. जानेवारीतल्या एका शुक्रवारी तो नॉर्बर्टपुढे जाऊन उभा राहिला.

"ही काय वेटिंग रूम आहे, आजोबा? बाहेर बसा. जागा झाली की बोलावतो."

अर्धी स्टुलं रिकामी होती! आणि नॉर्बर्टपुढे पालथा ग्लास होता. आमच्याकडे कुणी तुमच्यासाठी बीअर सांगितली, की तुमच्यापुढे एक छोटा ग्लास पालथा ठेवतात. ती बीअर पिऊन होईपर्यंत जागा तुमची, कुणी उठवत नाही. नॉर्बर्टसाठीची ती बीअर टपालवाल्या अर्लीनने सांगितली होती. क्रेगने तो ग्लास खुशाल उचलून सिंकमध्ये टाकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला खडसावेपर्यंत नॉर्बर्ट टोपी घालून गेलासुद्धा, आणि समोरच्या बसथांब्यावर आमच्या खिडकीकडे तोंड करून बसला. मी बोलवायला गेले तर म्हणाला, मालक बोलावतील ना. भोळा कुठला! मला वाटलं, बस आली की जाईल घरी, आणि मी संध्याकाळच्या माशांच्या तयारीला लागले. संध्याकाळी बसच्या ड्रायव्हरने हलवून पाहिलं, तेव्हा तो गारठून गेलेला होता.

त्याला पुरून आलो आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागेपुढे पालथा ग्लास. मी अर्लीनला विचारलं, ती म्हणाली, मी नाही ठेवला. क्रेगने उचलला, धुतला, फळीवर ठेवला. मी वळून पाहते तर पुन्हा तिथेच. रेडिएटर तापलेला असूनही ग्लासाखालच्या लाकडावर हात ठेववत नव्हता, इतकं ते गार.

रोज तेच. क्रेगला वाटायचं, आम्ही सगळे मिळून त्याला छळतोय. गिऱ्हाइकांवर ओरडला, मला कामावरून काढीन म्हणाला. मी म्हटलं, काढ. माणूस मारलास, माझं काय घेऊन बसलास!

पुढे एका शुक्रवारी बार गच्च भरला. लोक प्लेटा हातात घेऊन उभे, तरी त्या स्टुलावर कुणी बसेना. क्रेगचं डोकं फिरलं. तो स्वतःच जाऊन बसला आणि पालथा ग्लास बाजूला सारला.

"भर, बर्नी. मीच पितो."

"ती तुझी नाही, क्रेग."

"बार माझा आहे. भर."

मी भरली.

त्याने बीअर ओठांपर्यंत नेली आणि एक थेंबही न पिता खाली ठेवली. चेहरा पांढराफटक पडला. मग शहाण्या मुलासारखा उठला आणि कोट न घेताच बाहेर गेला.

मी खिडकीतून पाहिलं. बसथांब्यावर बसला होता, आमच्याकडे तोंड करून.

मी कोट घेऊन धावले. "आत चल, मूर्खा."

"जागा झाली की बोलावतील," तो हळूच म्हणाला. दात वाजत होते.

"कोण?"

त्याने आमच्या खिडकीकडे बोट केलं.

हात धरून ओढला, पण हलेना. कोट त्याच्या खांद्यावर टाकला, तो घसरून बर्फात पडला. ॲम्ब्युलन्सला फोन करायला मी आत आले.

स्टूल रिकामं होतं. गादी मात्र दबलेली. हात लावला, तर उबदार.

मी फोन उचलला आणि ग्लासाकडे माझी नजर गेली. बीअर बोटभर कमी झाली होती.

फक्त बोटभर. नॉर्बर्टला एक ग्लास दुपारभर पुरायचा.