गच्च बांधलेलं गवत

मामाचा पहिला ठोसा थेट गवतवाल्याच्या नाकावर बसला, आणि मिरचीच्या मनात आलं, संपली सुट्टी.

नाकातून रक्ताची धार लागली. पण गवतवाला काही लेचापेचा गडी नव्हता. दिवसभर गवताचे गठ्ठे खांद्यावरून वाहणारा माणूस तो. त्याने मामाची गचांडी धरली आणि त्याला सरळ वजनकाट्यावर आपटलं. काटा कलंडला, वजनं घरंगळत रस्त्यावर गेली. मामा उठला तो लाथ झाडतच उठला. ती लाथ गवतवाल्याला लागायची ती मागच्या थप्पीला लागली, आणि वरचे गठ्ठे धाडकन खाली येऊन फुटले. दुकानभर गवतच गवत झालं. त्या गवतात दोन बाप्ये एकमेकांना लोळवून बुकलत होते आणि शाळेच्या मागच्या बाकावरही कुणी देणार नाही अशा शिव्या देत होते.

"विष विकतोस होय रे? माझं मुकं जनावर मेलं!" मामा ओरडत होता.

मिरची सोडवायला मध्ये घुसली, तर कुणाचं तरी कोपर तिच्या कपाळावर बसलं आणि तीही गवतात आडवी झाली. शेवटी शेजारचा सायकलवाला आणि समोरचा न्हावी धावत आले. न्हाव्याच्या हातात वस्तरा तसाच राहिला होता, त्यामुळे दोघंही जरा लवकर शांत झाले.

गवतवाल्याने बाहीने नाक पुसलं. कोपऱ्यातलं लोखंडी दातांचं दाताळं उचलून त्याने मामाकडे रोखलं आणि म्हणाला, "तुझ्या घरात आता माझ्या दुकानातली काडी येणार नाही. पैसे दिलेस तरी नाही, पाया पडलास तरी नाही."

झालं. आता हे सगळं कशावरून पेटलं ते सांगायला हवं.

मामाचा धंदा होता घरसामान हलवण्याचा. स्वतःचा टेम्पो, दोरखंडांची भेंडोळी, प्लॅस्टिकचे तागे आणि स्वतःबद्दल भलतं प्रेम. कपाट असो की काचेचं झुंबर, मामा असं गुंडाळायचा की आत वाऱ्यालाही शिरायला जागा नसे. एकदा तर त्याने खुर्चीवर झोपलेल्या मांजरालाही खुर्चीसकट गुंडाळलं होतं. ही गोष्ट त्याची मुलगीच सगळ्यांना सांगायची. तिला घरात वकील म्हणत, कारण ती पाणी पितानाही कुणाशी तरी वाद घालायची. सुट्टीला मामाकडे आलेली दोन भावंडं म्हणजे मिरची आणि तिचा मोठा भाऊ लंबू. लंबूचं नाव त्याच्या उंचीवरून पडलं होतं आणि मिरचीचं तिच्या रागावरून. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असायचा. पोरगी मामावर गेलीय, असं सगळे म्हणत आणि मिरचीला ते फार आवडे.

मामीने ससे पाळले होते. सुट्टीपुरती त्यांची देखभाल मिरचीकडे होती आणि तिने ती जीव लावून केली होती. पण त्या दिवशी सकाळी तिने पिंजरा उघडला, तर पांढरीशुभ्र कापशी कोपऱ्यात ताठ होऊन पडली होती. आदल्या दिवशी तिच्या तळहातावर नाक घासणारी कापशी! मिरची मोठ्याने रडली, तिने ते लपवलंही नाही. बाकीचे ससेही पाठी फुगवून गप्प बसले होते. त्यांच्यात पैलवान नावाचा एक करडा, दांडगा नर ससा होता. दिसेल त्या हाताला चावणं हा त्याचा रोजचा उद्योग. त्या सकाळी तो चावलासुद्धा नाही, आणि मिरचीला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी एकेकाचं पोट दाबून पाहिलं, मग गव्हाणीतलं गवत उचलून झटकलं. राखाडी धूळ उडाली आणि सगळे शिंकायला लागले. बुरशी आहे ही, बाई म्हणाल्या. ससा दिवसभर चरत राहिला तरच जगतो. पोट रिकामं राहिलं की आतडी थांबतात आणि मग औषधही चालत नाही. संध्याकाळच्या आत ह्यांच्या पोटात चांगलं, कोरडं, स्वच्छ गवत गेलं पाहिजे. ओला पाला नको, बिस्किटं तर मुळीच नकोत.

मामाने 'बुरशी' एवढंच ऐकलं आणि चपला घातल्या. मिरची त्याच्यामागे धावली. पुढचं तुम्ही पाहिलंच.

तो घरी आला तो डोळा सुजवून. मामीने त्याच्या डोळ्यावर ओलं फडकं ठेवलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. शहाणा माणूस आधी गवत घेतो आणि मग मारामारी करतो, हे तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. गवताचं दुसरं दुकान इतकं लांब होतं की टेम्पो आत्ता निघाला तरी परत यायला दुसरा दिवस उजाडला असता.

मिरची पिंजऱ्यासमोर फतकल मारून बसली. कपाळावर टेंगूळ आलं होतं. इतक्यात तिची वेणी कुणीतरी ओढली. पाहते तर पैलवान! जाळीतून नाक काढून तो तिच्या केसांत अडकलेली एक हिरवट काडी ओढत होता. काडी सुटली, आणि पैलवानाने ती टोकापासून टोकापर्यंत खाऊन टाकली. मग दुसरीसाठी नाक पुढे केलं.

"मिरचे, हलू नकोस," लंबू कुजबुजला. "तुझ्या डोक्यात पहिल्यांदाच काहीतरी कामाचं सापडलंय."

मिरचीने त्याला कोपर मारलं, पण डोकं तिचं भलतीकडेच धावत होतं. ही काडी मारामारीत फुटलेल्या गठ्ठ्यातली, म्हणजे त्याच दुकानातली. आणि दुकानातल्या गवताला तर छान गोडसर वास येत होता. मामाने तिथल्याच एका राशीतली अर्धी रास टेम्पो भरून आणली होती, उरलेली तिथेच राहिली होती. एकाच ताटातलं अर्धं जेवण ताजं आणि अर्धं नासकं, असं कसं होईल? तिने हे बोलून दाखवलं तेव्हा वकीलसुद्धा क्षणभर वाद घालायची विसरली.

"म्हणजे विष दुकानात नाही. घरात आहे," वकील हळूच म्हणाली.

घरामागे पत्र्याची शेड होती. एका बाजूला पिंजरे, आणि पातळ फळ्यांच्या भिंतीपलीकडे गवताची थप्पी. थप्पीवर जाड ताडपत्री, ताडपत्रीवर दोरखंड, आणि दोरखंडांना मामाच्या खास गाठी. फक्त एका कोपऱ्यातून रोजच्यापुरतं गवत ओढायची परवानगी होती. बाबांची गाठ सोडणं म्हणजे बाबांच्या मिशीला हात घालणं, असं वकिलीणबाईंनी बजावलं. त्यावर मिरची म्हणाली की आपण गाठ सोडायचीच नाही, ताडपत्री कापायची. लंबूने भाजीची सुरी आणली आणि वरपासून खालपर्यंत एक लांब चीर दिली.

आतून वाफ आली. पातेल्यावरचं झाकण काढावं तशी भसकन तोंडावर आली. ताडपत्रीच्या आतल्या बाजूने पाणी निथळत होतं. वरचं गवत काळपट पडलं होतं आणि साखर करपल्यासारखा वास सुटला होता. मिरचीने गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात खुपसला आणि किंचाळून बाहेर काढला. बोटं लालभडक झाली होती.

"कुणी कापली माझी ताडपत्री?"

मामा दारात उभा होता. एक डोळा बंद, दुसऱ्यातून आग. त्याला लंबूच्या हातातली सुरी दिसली, आणि त्याने लंबूच्या अशी मुस्कटात ठेवून दिली की पोरगं भिंतीवर आदळलं. वकील मध्ये पडली, तर तिलाही त्याने बाजूला ढकललं. मिरचीचं डोकं सणकलं. त्या क्षणी तिला मामा अजिबात आवडत नव्हता. तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं, होता नव्हता तो जोर लावला आणि त्याचा हात गठ्ठ्यात खुपसला.

मामा कळवळून मागे सरकला. "काय आहे आत?"

"तुझं पॅकिंग," मिरची म्हणाली. "गवत घेताना त्या काकांनी तुला काही सांगितलं होतं का? खरं सांग."

मामाने पोळलेल्या हाताकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाला, "म्हणाला होता, यात अजून ओल आहे. काही दिवस उघडं ठेव, वारा लागू दे. मी म्हटलं, मला बांधाबांध शिकवतोस का तू?"

घ्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा. वर त्या बिचाऱ्याचं नाकही फोडून आले होते साहेब.

पण टोमणे मारायलाही वेळ मिळाला नाही. चिरेतून आता वाफ नाही, धूर येत होता. कोंडलेल्या ओलीने गवत कुजून कुजून आतून तापलं होतं, आणि त्याला पेटायला हवी असलेली हवा पोरांनीच सुरी चालवून आत सोडली होती. चूक त्यांचीही झालीच, झाकून काय उपयोग? बघता बघता काळ्या गवतात लाल ठिणगी धावली आणि भक्कन जाळ झाला.

"ससे!" मिरची ओरडली आणि पलीकडे धावली.

फळ्यांच्या भिंतीतून धूर पिंजऱ्यांत शिरला होता. कड्या गरम झाल्या होत्या. लंबूने हातोडा घेतला आणि कड्यांवर, बिजागऱ्यांवर, जाळीवर, दिसेल तिथे घाव घालायला सुरुवात केली. वकील एकेक ससा चादरीत गुंडाळून मामीकडे पोचवत होती. शेवटी राहिला पैलवान. त्याला वाटलं, हेच लोक आपल्याला मारताहेत. त्याने मागच्या पायांनी मिरचीचा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला, अंगठ्यात दात रुतवले, छातीवर लाथा झाडल्या. रक्त निथळत होतं, डोळ्यांना धुराने काही दिसत नव्हतं, पण मिरचीने पकड सोडली नाही. ती त्याला पोटाशी दाबून बाहेर आली आणि मागे तापलेला पत्रा कोसळला.

पलीकडे मामा दोरखंडांशी झटत होता. गठ्ठे वेगळे केल्याशिवाय आग विझणार नव्हती, आणि गाठी काही सुटत नव्हत्या. कुणाला म्हणून सुटू नयेत अशाच त्याने मारल्या होत्या. तेवढ्यात कुणीतरी त्याला खांद्याने धक्का देऊन बाजूला सारलं. धूर पाहून गवतवाला धावत आला होता. नाकात कापसाचे बोळे आणि हातात दाताळं. त्याने दाताळ्याचे दात दोरखंडात अडकवून हिसका दिला आणि अख्खी थप्पी अंगणात ओढून पाडली. मग मामा लाथांनी गठ्ठे फोडत राहिला, शेजारी बादल्या ओतत राहिले. आग विझली तेव्हा शेडचा सांगाडा तेवढा उरला होता. राखेत दोरखंड वेटोळी घालून पडले होते. वकील बापाकडे बघून म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते हेच. एरवी तिला रट्टा मिळाला असता.

पण गवत? गवताची एक काडीही उरली नव्हती, आणि संध्याकाळ व्हायला आली होती. चादरीत ससे पाठी फुगवून तसेच बसले होते.

मामा गवतवाल्यासमोर जाऊन उभा राहिला. "चूक माझी होती. तू सांगितलं होतंस. मार मला."

नको नको म्हणेल, असं सगळ्यांना वाटलं. गवतवाल्याने जरा विचार केला, विजारीला हात पुसला आणि मामाच्या कानाखाली अशी एक वाजवली की मामा मटकन राखेतच बसला. मिरची मूठ उगारून पुढे झेपावली. आणि तिला स्वतःचीच मूठ दिसली. सकाळी मामाची दिसली होती तश्शीच. तिला स्वतःचीच शरम वाटली आणि तिने हात खाली घेतला.

"काका, सशांना गवत द्या," ती म्हणाली. "त्यांनी आज खाल्लं नाही तर ते मरतील."

"माझा शब्द म्हणजे शब्द. ह्या घरात माझी काडी येणार नाही."

इथे वकील पुढे झाली. काकांनी आपला शब्द जरूर पाळावा, काडी इथे मुळीच आणू नये, असं ती गंभीरपणे म्हणाली. ससेच दुकानात आले तर शब्द कुठे मोडतो? गवतवाला हसायला लागला, आणि नाक दुखलं म्हणून हसता हसता विव्हळला.

भर रस्त्यातून सशांची वरात निघाली. दुकानात सकाळचे गठ्ठे अजून फुटलेलेच पडले होते. पोरांनी ससे त्यात सोडले. ते आधी नुसतेच बसून राहिले. मग पैलवानाने एक काडी उचलली. मग दुसऱ्यानेही उचलली. थोड्याच वेळात दुकानात फक्त कुरकुर कुरकुर असा आवाज राहिला.

आगीचं कळताच डॉक्टरबाईही दुकानात आल्या आणि त्यांनी मिरचीचा हात धुऊन बांधला. तुम्ही ताडपत्री कापली नसती तर हे रात्री सगळे झोपेत असताना पेटलं असतं, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांनी लंबूच्या सुजलेल्या गालावर हळूच थोपटलं. गवतवाल्याने गठ्ठे कसे ठेवले आहेत ते तिघांना नीट दाखवलं. खाली लाकडी फळ्या, मध्ये हात जाईल एवढी फट, वर छप्पर, बाजूंनी वारा. पोरांना अक्कल आहे, मोठ्यांचं काय ते बघा, असंही तो मोठ्याने म्हणाला. मामाने ते ऐकलं आणि लंबूजवळ जाऊन त्याची माफी मागितली.

सगळे कौतुक करत होते, पण मिरचीचं लक्ष तिकडे नव्हतं. गवतात हलणारे कान ती पाहत होती आणि त्यांत पांढरे कान नव्हते. तिचे डोळे भरून आले. मामा तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. पोळलेला हात त्याने फडक्यात गुंडाळला होता, तोही अगदी सैल.

"कापशी माझ्यामुळे गेली गं," तो म्हणाला.

नाही रे, असं काही मिरची म्हणाली नाही. ती म्हणाली, "हो." मग ती जराशी सरकली आणि तिने त्याला गवतात बसायला जागा करून दिली.