शून्य अपलोडवाला

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी, आणि कोपऱ्यात खांद्याला जाडजूड काळी बॅग लावलेला एक उंच माणूस. माझं फोनवर मैत्रिणीशी बोलणं चाललं होतं, आणि सकाळी सकाळी माझी जीभ जरा सैलच सुटते.

“अगं, तो शून्य आज प्रत्यक्ष येणारे म्हणे. हो, तोच... लोकांच्या फाइली ढीगभर उतरवून घेतो, स्वतः काडीचं देत नाही, आणि वर लांबलचक तक्रारी लिहितो. येऊ दे. बघतेच त्याच्याकडे.”

लिफ्ट थांबली. आम्ही एकाच मजल्यावर उतरलो. त्यानं माझ्यासाठी ऑफिसचं दार धरून ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, “बघा.”

“काय?”

“माझ्याकडे. बघते म्हणालात ना... मीच तो शून्य.”

कान तापले माझे. पण मान खाली घालायची सवय नाही मला. “बसा,” म्हटलं, “आणि पहिल्यापासून सांगा.”

आमचं सॉफ्टवेअर फाइली वाटून घेण्याचं. सभासद आपापल्या संगणकावरून एकमेकांना फाइली देतात – स्वतः काढलेले फोटो, नकाशे, ध्वनिमुद्रणं. नियम एकच, घेता तसं द्यायचंही. कोणी किती दिलं याचा आकडा प्रोग्रॅम ठेवतो आणि रोज आमच्याकडे पाठवतो. आकडा फारच खाली राहिला, की खातं बंद. त्याचं खातं शुक्रवारी बंद होणार होतं. तक्रारी निस्तरणं आणि त्यात प्रोग्रॅमची चूक निघाली तर ती दुरुस्त करणं हे माझं काम, आणि माझ्या टेबलावरून कुणी उत्तराशिवाय परत गेलं नव्हतं. त्याचा मला गर्व होता म्हणा ना.

तो ध्वनिमुद्रक होता. पक्ष्यांचे, पाण्याचे, गवताचे आवाज टिपायचा. “माझ्याकडून दिवसभर लोक फाइली घेत असतात,” तो म्हणाला. “आणि तुमच्याकडे शून्य. तुमचं यंत्र खोटं बोलतंय.”

“यंत्र कशाला खोटं बोलेल?”

“मग मी बोलतोय?”

“तेच बघायला येते. उद्या घरी असाल?”

त्याच्या भुवया वर गेल्या, आणि ओठांचा एक कोपरा... जरासाच.

दार त्याच्या आत्यानं उघडलं. “ही कोण रे?”

“ऑफिसातून आल्यात. मी खोटं बोलतो का ते बघायला.”

“मग बस गं निवांत,” आत्या मला म्हणाली. “त्याला खोटं बोलता येत नाही. लहानपणी मी फार मार वाचवायचा प्रयत्न केला त्याचा, पण हा आपला सगळं खरं सांगून मोकळा.”

त्याच्या खोलीत भिंतींना सतरंज्या ठोकलेल्या होत्या आणि दारावर जाड घोंगडी. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. मी संगणकासमोर बसले. त्यानं काही न विचारता माझ्या कानांवर हेडफोन ठेवले. बोटं केसांना ओझरती लागली, आणि त्यानं ती घाईनं मागे घेतली.

आधी नुसता वारा. मग पाण्यावर पंखांची फडफड, शेकडो पक्ष्यांची एकदम उठलेली कलकल... मी डोळे मिटून घेतले.

“कुठलं हे?” मी हेडफोन काढून विचारलं.

“एक तळं होतं. आता तिथे गोदामं आहेत.” तो खिडकीकडे बघत होता. “त्या पक्ष्यांवर काम करणारी मुलं हे माझ्याकडून घेतात. खातं बंद झालं तर त्यांच्यासाठी तो आवाजही गेला.”

मी कामाला लागले.

सगळ्यात आधी राउटरकडे, इंटरनेटच्या त्या डबीकडे वळले. घरातून किती माल बाहेर गेला याची मोजणी ती स्वतः ठेवते. तो आकडा भरभक्कम होता. म्हणजे फाइली खरंच जात होत्या, प्रश्न आमच्या मोजणीचा होता. मग प्रोग्रॅमचा आकडा उघडून बसले. तो चढत होता. संथ, पण नीट चढत होता. आत्यानं दोनदा डोकावून पाहिलं. तो चहा घेऊन आला. आकडा दोन जीबीच्या जवळ पोचला, आणि... त्याच्या डावीकडे एक बारीक आडवी रेघ उमटली.

“तुम्ही काही दाबलंत?”

“मी चहा ओततोय.”

“उणे झाला,” मी म्हटलं. “आकडा उणे झाला. इकडे या, इकडे या.”

तो खुर्चीमागे वाकला. त्याचा श्वास माझ्या कानाशी होता, पण त्या क्षणी मला त्या रेघेचंच जास्त कौतुक. “हे बघा, दिवसाच्या मोजणीला जागाच दोन जीबीची ठेवलीय. त्यापुढे गेलं की आकडा उलटतो, उणे होतो. आणि उणे आकडा पोचला की आमच्याकडचं यंत्र त्याला शून्य धरतं.”

“म्हणजे मी जास्त दिलं... म्हणून शून्य?”

“थोडं देणाऱ्यांचं सगळं बरोबर. तुमच्या फाइली जड, घेणारे पुष्कळ. तुमची रोज माती.”

तो हसायला लागला. मग मीही. हसता हसता मला एकदम आठवलं, की शून्यवाले म्हणून आम्ही आजवर किती जणांना काढलं होतं.

शुक्रवारी साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये उभी राहिले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्या एकाचं खातं हातानं चालू ठेव. मोजणीला हात लावू नकोस. नवी आवृत्ती तोंडावर आलीय.”

“एक नाहीये, सर. आपण फुकटे म्हणून ज्यांना काढलं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे उणे आकडे आपल्याच यंत्रात पडून आहेत. आपण आपली सगळ्यात उदार माणसं बाहेर काढलीत.”

“बाहेर कळलं तर आपली शोभा होईल.”

“आपणच सांगू या. ही चूक घेऊन नवी आवृत्ती गेली, तर तिच्यावर माझं नाव नको.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “दुरुस्तीला किती वेळ?”

“दुरुस्ती छोटी आहे. माफी मागायला जास्त लागेल.”

“माफीचं मी लिहितो,” ते म्हणाले. “तू दुरुस्तीला बस.”

बाहेर आले तर तो काचेपलीकडच्या बाकावर, मांडीवर बॅग घेऊन, खात्याचा निकाल ऐकायला बसलेला. केबिनचं दार अर्धवट उघडंच होतं, सगळं ऐकलं होतं त्यानं. उभा राहिला. नुसता बघत राहिला... आणि मला पहिल्यांदाच ओढणी कुठे आहे ते चाचपावंसं वाटलं.

“रविवारी पहाटे नदीवर येणार?” त्यानं विचारलं. “ध्वनिमुद्रणाला. अट एकच – तिथे बोलायचं नाही.”

“मला जमेल?”

“बघू की. तुम्ही अवघड कामं करता.”

नवी आवृत्ती दुरुस्त होऊन बाहेर पडली. काढलेली माणसं परत आली, काही रागावून, बरीचशी हसून. देणाऱ्यांच्या यादीत तो सगळ्यात वर होता. ती यादी मी उगाचच पुन्हा पुन्हा उघडून पाहिली.

रविवारी नदीवर धुकं होतं. त्यानं माईक गवतात रोवला, यंत्र सुरू केलं आणि माझ्या शेजारी बसला. मी श्वासही जपून घेत होते. बऱ्याच वेळानं तोच बोलला.

“तू माझी बाजू घेतली नाहीस त्या दिवशी.”

‘तू’ म्हणाला मला. मी बोटानं यंत्राचा लाल दिवा दाखवला, “चालू आहे...”

“माहितेय. जे खरं होतं त्याची बाजू घेतलीस. मी बाहेर बसून ऐकत होतो आणि छाती अशी फुगली होती, जणू तू माझीच कुणी आहेस. नाहीयेस अजून. पण... व्हावंस असं वाटतं. हे ध्वनिमुद्रणात राहिलं तरी चालेल.”

मी माईककडे सरकले, नीट ऐकू जावं म्हणून. “मलाही तू आवडतोस. लिफ्टपासून म्हणणार नाही, उगाच खोटं कशाला. चहा ओतत होतास ना, तेव्हापासून.”

त्यानं यंत्र बंद केलं नाही. माझा हात तेवढा हातात घेतला. पलीकडच्या काठावर कुठलासा पक्षी ओरडला, आणि आम्ही दोघंही ताठ बसून, अगदी अटीप्रमाणे, गप्प राहिलो.