उतारशाळेत जागा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं अक्षरही खोटं नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय.

गेल्या डिसेंबरातली संध्याकाळ. राहुरीजवळचं आमचं गाव. चर्चच्या हॉलमध्ये नाताळच्या नाटकाची रंगीत तालीम होती.

दयामावशीला नाटकाचं भारी वेड. डेअरीत दूध मोजतानाही ती मरीयेचे संवाद पुटपुटायची. तोंडावर लाईट पडला की तिचे दुखरे गुडघेसुद्धा गप्प व्हायचे.

पण वर्षानुवर्षं काम एकच. उतारशाळेची, म्हणजे धर्मशाळेची मालकीण. योसेफ आणि गरोदर मरीया दार वाजवणार, मावशी म्हणणार, "जागा नाही."

संपलं.

दात कोरून कुठं पोट भरतं?

त्या वर्षीही नाटक बसवणाऱ्या योहान सरांनी मरीया आपल्या सुनेला, नॅन्सीला दिली. तिला धड दोन वाक्यं सलग येत नव्हती!

त्यात नॅन्सी आणि योसेफ झालेला जॉय टेम्पोतून लाईट आणायला गेले, ते येईचनात. बाकीचे चहाला निघाले.

"दयाताई, तवर तुमी तुमचं वाक्य पाठ करा," योहान सर म्हणाले.

दोन शब्द! मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उतारशाळेच्या प्लायवूडच्या दारामागे ती एकटीच धुसफुसत बसली.

तेवढ्यात...

टक्. टक्. टक्.

आले वाटतं एकदाचे. मावशी उठली. आज ती दोन शब्द म्हणणारच नव्हती. तिने जीव ओतून हाक दिली,

"या, आत या! लई जागा हाय. हक्कानं ऱ्हावा!"

हॉल दणाणला. असं काम तिने जन्मात केलं नव्हतं. आनंदाने तिच्या अंगावर काटा आला.

मग तिने दार उघडलं.

दारात कुणीच नव्हतं.

"जॉय? आरं, गंमत पुरे."

आणि मग तिच्या मागे... गव्हाणीपाशी पसरलेला कडबा चुरचुरला. कुणीतरी चालत जाऊन टेकावं तसा.

त्यानंतर बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. जॉय आणि नॅन्सी आत्ता कुठे पोहोचत होते.

मावशी तेव्हा कुणाला बोलली नाही. लोक म्हणाले असते, रोल मिळाला नाही म्हणून बाईचं डोकं फिरलं.

पण तेव्हापासून एसटीत तिच्या शेजारी कुणी बसेना. एकदा तिने एका बाईला बोलावलं, "बसा की."

"कशी बसू? तुमच्या संगतीच्या बाई कुठं सरकत्यात?"

यंदा नॅन्सी बाळंतपणाला माहेरी गेली. सरांनी मरीया मावशीला दिली. मावशी आनंदाने रडली. पहिल्या वाचनाला सगळे गोल बसले. सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"दयाताई, नव्या बाई आणल्या व्हय? त्यांना काय काम देऊ?"

शेजारची खुर्ची रिकामी होती...

"मला न्हाई जमायचं," एवढं म्हणून मावशी घरी निघून आली. सगळे म्हणाले, बाई माजली.

परवा मला सरांचा फोन आला. "तुझ्या मावशीला सांग, काळजी करू नका. त्या बाई रोज वेळेवर येत्यात. मरीया त्यांनाच दिली. नाव सांगत न्हाईत, पण काम काय करत्यात!"

मी मावशीला सांगितलं. ती ढसाढसा रडली. भीतीने नाही.

"माझं काम व्हतं गं ते," म्हणाली.

नाटक या रविवारी आहे. मावशी बघायला जायचं म्हणतेय. मला मात्र त्या हॉलवरून जायचंसुद्धा धाडस होत नाही.