भुईमुगाच्या गालात काय होतं?

अरे, ऐका ना! उंदराच्या गालाच्या आत, त्याला जराही न कापता, कसं बघायचं? नाही ना येत? परवापर्यंत मलाही येत नव्हतं!

परवा माझ्या भुईमुगाचा, म्हणजे आमच्या पांढऱ्या उंदराचा, गाल टम्म सुजला. काही खाईचना! माझे आबा प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टर आणि शास्त्रज्ञ आहेत ना, ते म्हणाले, "डोळ्यामागे गाठ असेल, नाहीतर दाताच्या मुळाशी पू. पू असला तर बरं करता येईल. पण तो म्हातारा झालाय गं. गुंगी एकदाच देता येईल. तेवढ्यातच बघायचं आणि तेवढ्यातच पू काढायचा."

मी लगेच भुईमुगाला उचलून आबांबरोबर दवाखान्यात निघाले!

आबांनी त्याला एक औषध टोचलं. ते सुजेपाशी जमतं आणि गॅमा किरण सोडतं (म्हणजे अंगातून आरपार येणारा, न दिसणारा प्रकाश). मग गुंगीतल्या भुईमुगाभोवती कॅमेरा गोल फिरला आणि दवाखान्यातला खटपट्या रोबो प्रतिमा-पुनर्रचना करायला बसला (म्हणजे बाहेर आलेल्या किरणांवरून आतलं चित्र उभं करायला).

"कसं करतोस रे?" मी विचारलं.

"अंदाजाने. आधी धरतो, सगळा उंदीर सारखाच उजळ. तसं असतं तर कॅमेऱ्याला प्रत्येक बाजूने किती किरण दिसले असते? खरे किती दिसले? माझ्या अंदाजाचे कमी पडले तिथे उजेड वाढवतो, जास्त झाले तिथे घटवतो. मग परत सगळ्या बाजू तपासतो. मग परत. मग..."

"अरे, तोवर तो जागा होईल!"

"मी नीट काम करतो," खटपट्या फुगून म्हणाला.

"मी मातीचा भुईमूग केला, तेव्हा सगळ्या बाजू बघत नाही बसले! एक बघितली की लगेच दाबायचं!"

आबा हसले. "शास्त्रज्ञही हेच करतात. हा अजून शिकतोय. खटपट्या, थोड्या थोड्या बाजू घे आणि लगेच सुधार."

त्याने शेजारशेजारच्या बाजू घेतल्या आणि चित्र एकीकडेच फुगलं!

"हा तर तुझ्या मातीच्या उंदरासारखा झाला," खटपट्या म्हणाला. खडूस! पण खरंच, एकच बाजू दाबत बसल्यामुळे माझ्या उंदराचा एक गाल भोपळ्याएवढा झालाय.

"मग लांबलांबच्या बाजू एकत्र घे ना! समोरची, पाठची, दोन्ही कुशींची!" मी ओरडले.

आणि झरझर चित्र आलं! पण पुसट. औषधाचा उजळ डाग डोळ्यावर पण आणि दातावर पण.

"कॅमेऱ्याचं माझ्यासारखंच आहे," आबा म्हणाले. "मला चष्म्याशिवाय ठिपका पसरट दिसतो, तसाच त्यालाही. किती पसरट, ते आपण मोजलंय. खटपट्या, तुझा अंदाजही तेवढाच पसरव आणि मग खऱ्या किरणांशी ताडून बघ."

डाग लहान झाला. आणखी लहान. आणि बरोब्बर दाताच्या मुळाशी थांबला!

"पू!" आबा आणि मी एकदम ओरडलो.

त्याच गुंगीत आबांनी पू काढला. शेवटचा कापूस उचलला आणि भुईमुगाची मिशी हलली!

आबा म्हणतात, एक दिवस चित्र इतकं पटकन येईल की उंदराला झोपवावंही लागणार नाही. मातीचा उंदीर मात्र खटपट्याने मागून घेतला. "एकाच बाजूला बसू नये, हे लक्षात राहायला," म्हणाला.

त्या औषधाचे किरण संपलेत, आबांनी तपासलंय. घ्या, धरा याला. केळं पण खातोय! फक्त त्या गालाला हळू हं.