साखर वाढली, तरी ती गेली नाही

खोटं सांगून माझ्या पदरात काही पडणार नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.

मागच्या मंगळवारची भर दुपार. ताईचं शिवणकामाचं दुकान. शटर अर्धं ओढलेलं, आत आम्ही दोघी बहिणीच.

ताई इन्सुलिनवर आहे. साखर उतरली की तिला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. आणि नुसती घाबरली तरी नेमकं हेच होतं. त्यामुळे भाऊजींचं एकच पालुपद... मनाचे खेळ आहेत, जरा थांब, आपोआप बरं वाटेल. स्वतःला शिंक आली तरी अंथरूण धरणारा माणूस! मला त्यांचा मनस्वी राग येतो.

त्या दुपारी मशीन एकदम थांबलं.

ताई घामाने निथळत होती. नजर ट्रायल रूमच्या पडद्यावर.

"आत एक बाई उभी आहे गं," ती म्हणाली.

आत कुणी नव्हतं. सकाळपासून एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, अंदाज बांधत बसू नका, आधी बोट टोचा. मी टोचलं. मीटरवर अठ्ठावन्न. साखर इतकी उतरली की माणूस काहीबाही बोलतो, हेही त्यांनीच सांगितलेलं. मला उलट हायसं वाटलं. पाण्यात साखर ढवळून तिला पाजली.

मग वाट पाहिली.

पंख्याची घरघर... आणि पडद्यामागे कुणाचा तरी श्वास.

रस्त्यावरचा आवाज असेल, मी स्वतःला समजावलं.

पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं. एकशे चार. ताईचा घाम सुकला होता, हात स्थिर होते. आता भास संपायला हवा होता.

ताई शांतपणे म्हणाली, "ती अजून तिथेच आहे."

पडदा हलला... खाली दोन पावलं दिसली. अनवाणी. बोटं आमच्याकडे.

आणि आतून बाईचा आवाज आला, अगदी थंड.

"जरा थांबायचं होतंस. आलीच होती ती माझ्याकडे."

ताईला ओढत मी रस्त्यावर आले. मीटरची पिशवी हातातच राहिली होती. घाम, थरथर, धडधड... सगळं आता मला होत होतं. मला मधुमेह नाही. तरी सुई बदलून माझं बोट टोचलं.

पंच्याण्णव.

दुकानाला कुलूप आहे. भाऊजी म्हणतात, दोघी बहिणी सारख्याच घाबरट. म्हणोत.

परवा माझ्या स्वयंपाकघरात मला पुन्हा तसाच घाम फुटला. मी स्वतःसाठी आणलेलं मीटर काढलं. आकडा कमी येऊ दे, म्हणून अक्षरशः हात जोडले.

नाही आला.